सुट्या भागांचं जोडकाम

रेल्वेचं तिकीट काढायचं असो, विजेचं बिल भरायचं असो की परीक्षेचा निकाल पाहायचा असो, आपल्यासमोर संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर एक पान उघडतं. त्यावर रकाने, बटणं, याद्या असतात. हे सगळं कोणीतरी एकटाकी लिहून काढलं असेल असं आपल्याला वाटतं. पण आज मोठ्या संकेतस्थळांची बहुतेक पानं सुट्या भागांपासून जोडलेली असतात. या जोडकामाविषयी मला आज बोलायचं आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. कारखान्यात ठरावीक मापाचे सुटे भाग तयार होतात, तसे संगणकाच्या आज्ञावलींचेही व्हावेत, हा विचार डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथल्या परिषदेत मांडला होता. वेबच्या पानांपर्यंत तो ठळकपणे पोहोचला तो गेल्या दशकात. फेसबुकने २०१३ साली 'रिअॅक्ट' सर्वांसाठी खुलं केलं, २०१४ साली 'व्ह्यू' आलं, आणि पान म्हणजे भागांची जुळणी ही रीतच पडून गेली.

या भागांना 'कंपोनंट' म्हणतात. आपण त्यांना घटक म्हणू. तिकिटाच्या पानावरचा एक रकाना घ्या. त्यात वर नाव, खाली लिहायची चौकट आणि चूक झाली तर ती सांगणारी ओळ, असे तीन लहान घटक असतात. तिघं मिळून रकाना हा एक घटक होतो. असे दोन रकाने, एक तारीख आणि एक बटण मिळून अर्ज होतो. अर्जाला वरची पट्टी आणि खालची पट्टी जोडली की पान तयार!

चांगल्या घटकाचं लक्षण म्हणजे त्याला स्वतःपुरतंच ठाऊक असावं. आपलं नाव 'कुठून' आहे की 'कुठे', हे रकान्याने स्वतः ठरवू नये. ते त्याला बाहेरून सांगितलं जावं. मग तोच रकाना तिकिटाच्या पानावर चालतो आणि तक्रारीच्या पानावरही. जुन्या छापखान्यातले खिळे आठवा. एक खिळा आज लग्नपत्रिकेत बसे, उद्या निवडणुकीच्या पत्रकात.

खरी कसोटी मात्र जोडताना लागते. रकान्याचं नाव आणि त्याची चौकट ही जोडी संगणकाला कळावी म्हणून चौकटीला एक खूण दिलेली असते. एका पानावर ती खूण एकदाच यावी असा नियम आहे. समजा, रकाना बनवणाऱ्याने ती खूण घटकाच्या आत कायमची लिहून ठेवली. एकटा रकाना तपासला, तर सगळं ठीक. पण तोच रकाना 'कुठून' आणि 'कुठे' असा दोनदा ठेवला, की दोन्ही नावं पहिल्याच चौकटीला चिकटतात. पहिलीला दोन नावं, दुसरीला एकही नाही!

डोळस माणूस नजरेने सावरून घेतो. दृष्टिहीन प्रवाशाचं काय? त्याला पडद्यावरचं सारं स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. दुसऱ्या चौकटीपाशी आल्यावर इथे काहीतरी लिहायचं आहे, एवढंच त्याला ऐकू येतं. काय लिहायचं, ते नाही. ज्याला स्वतःचं तिकीट स्वतः काढता आलं असतं, त्याला शेजाऱ्याची वाट पाहावी लागते. यावर उपाय आहे. घटक जितक्या वेळा वापरला जाईल, तितक्या वेळा नवी खूण तयार व्हावी. रिअॅक्टने २०२२ सालच्या अठराव्या आवृत्तीत त्यासाठी खास सोयच दिली.

आपल्या भाषेशीही याचा संबंध आहे. इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बटणाची उंची पक्की केली, तर देवनागरीतल्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार छाटले जाऊ शकतात. घटक एकच असल्यामुळे तो जिथे जिथे बसवला, तिथे तिथे मराठी मजकूर चेपतो. खिळा झिजला तर एका जागचं अक्षर बिघडायचं. इथे साचाच बिघडलेला असतो. दिलासा एवढाच, की साचा दुरुस्त केला की सगळीकडची दुरुस्ती होते.

म्हणून मला वाटतं, घटक एकेकटे तपासून भागत नाही. ते जोडल्यावर, एकाशेजारी एक ठेवून, मराठी मजकूर घालून पाहायला हवेत. एक परीक्षा तुम्हालाही करता येईल. एखाद्या अर्जातल्या रकान्याच्या नावावर बोट टेकवा किंवा क्लिक करा. लिहायची रेघ त्याच रकान्यात लुकलुकू लागली, तर तिथला जोड पक्का आहे. भलत्याच रकान्यात गेली किंवा कुठेच उमटली नाही, तर त्या संकेतस्थळाला जरूर कळवा. ती एक दुरुस्ती, तो घटक वापरणाऱ्या प्रत्येक पानापर्यंत पोहोचेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)