लेलँड स्क्लार यांचा 'प्रोड्युसर स्विच'

बेस वाजवणाऱ्यांनो, छातीपर्यंत पांढरी दाढी असलेले हे आजोबा माहीत आहेत ना? लेलँड स्क्लार, जन्म १९४७. जेम्स टेलर, फिल कॉलिन्स अशा दिग्गजांना त्यांनी स्टुडिओत आणि दौऱ्यांवर साथ केली आहे.

त्यांचा लाडका बेस सुटे भाग जुळवून बनवलेला. नाव 'फ्रँकेनस्टाइन'! त्यावर चक्क मँडोलिनच्या बारीक फ्रेट्स आहेत. आणि एक स्विच, ज्याला आत एकही वायर जोडलेली नाही. निर्माता म्हणाला, "टोन जरा वेगळा हवा," की स्क्लार त्याला दिसेल असा तो स्विच दाबतात आणि हाताची जागा किंचित बदलतात. निर्माता खूश!

गंमत वाटते, पण यामागे शास्त्र आहे. तार ब्रिजजवळ छेडली की आवाज टणक आणि रेखीव येतो. नेककडे सरकलं की गोल, भरदार. नखाचा स्पर्श, बोटाचा दाब, तारा जुन्या की नव्या, यानेही फरक पडतो.

म्हणून नवा पेडल घेण्याआधी एकच ओळ तीन जागी वाजवून रेकॉर्ड करा. कार्यक्रमात अँप भाड्याचा मिळेल, बोटं मात्र तुमचीच असतील.

तुम्ही कुठे छेडता, ब्रिजजवळ की नेककडे? कमेंटमध्ये सांगा.

#बेसगिटार #लेलँडस्क्लार