पावसाबरोबर वाहून जाणारा कार्बन

नाणेघाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखऱ्याच्या परिसरात जोराचा पाऊस झाला की ओढे गढूळ होतात. उतारावरच्या वरकस जमिनीच्या वरच्या थरातली माती त्यांतून काळू नदीकडे वाहते. सेंद्रिय कार्बन सर्वांत जास्त असतो तो याच वरच्या थरात!

जगभरातल्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, हवेतल्या कार्बनपेक्षा कितीतरी जास्त.

माती धुपली की त्या कार्बनचं काय होतं?

🔸 मातीचे कण सुटे होतात, जिवाणू आतला कार्बन कुजवतात आणि काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो.
🔸 काही भाग खालच्या खाचरांत, धरणांत, खाडीत गाळाखाली गाडला जातो. तिथे ऑक्सिजन कमी, म्हणून तो बराच काळ टिकतो.
🔸 वरची जमीन मात्र निकस होते. पीक कमी, मुळं-पाला कमी, म्हणून नवा कार्बनही कमी.

धुपीमुळे हवेतला कार्बन एकूण वाढतो की घटतो, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शेतकऱ्याचं नुकसान मात्र नक्की.

माती जागेवर ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र. त्यात गादीवाफ्यांवर भात घेतात. नांगरणी-चिखलणी नाही आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच राहतात.

मुरबाड-शहापूरच्या शेतकरी मित्रांनो, पावसाआधी बांध दुरुस्त करा, उतारावर गवत राखा. आपली माती आपल्याच शिवारात राहू द्या!

#माती_वाचवा