अग्निसंस्कार आणि लोहचुंबक

लोहाराच्या भट्टीसमोर क्षणभर उभें राहिलें तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. लोखंडाचा तुकडा तोच. पण तो किती तापविला आणि कसा निवविला यावर त्याचा स्वभाव ठरतो. कोयत्याच्या धारेस पाणी पाजलें कीं ती कठीण होते. तोच कोयता पुन्हां लाल करून राखेंत हळूहळू निवूं दिला तर मऊ पडतो. हा संस्कार केवळ कठीणपणापुरता नाहीं. लोहचुंबकाचा गुण उष्णतेनें जातो, आणि उष्णतेच्या योग्य संस्कारानेंच तो येतोहि. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतून आज या विषयाचा मोठा अभ्यास चालतो. परंतु त्याचा एक फार पुरातन धडा आमच्या सातारा-सांगलीच्या काळ्या दगडांत आहे. तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच आमचा हेतु आहे.

घरीं करण्याजोगा एक प्रयोग प्रथम सांगतों. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेनें दहावीस वेळां घासावी. ती टांचणी उचलूं लागते. मग ती चिमट्यांत धरून ज्योतींत लालभडक करावी व निवूं द्यावी. (मुलांनीं हा प्रयोग वडील माणसांच्या देखतच करावा.) आतां टांचणी तिला चिकटेनाशी होते. लोखंड तापविलें असतां त्याचें चुंबकत्व जातें, आणि दक्षिणोत्तर ठेवून निवविलें असतां त्यास थोडें चुंबकत्व येतें, हें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें १६०० सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. पुढें १८९५ सालीं पिएर क्यूरी यानें तापमान आणि चुंबकत्व यांचा संबंध बारकाईनें अभ्यासिला. लोखंडाचें चुंबकत्व सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडला नाहींसें होतें. मॅग्नेटाइट नांवाच्या लोहखनिजाचें सुमारें ५८० अंशांला.

याचें कारण असें. लोखंडाचा प्रत्येक अणु हा एक सूक्ष्म चुंबकच होय. शेजारशेजारचे अणु एका दिशेस तोंड करून उभे राहिले म्हणजे त्यांचें बळ एकवटतें. उष्णता म्हणजे अणूंची धडपड. ती मर्यादेपलीकडे गेली कीं रांगा मोडतात.

आतां हाच पदार्थ अतिसूक्ष्म कणांच्या रूपांत घ्या. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कांहीं नॅनोमीटर रुंदीच्या कणाचें चुंबकत्व खोलींतल्या साध्या उष्णतेनेंहि सारखें उलटसुलट होत राहतें. फ्रान्सचे लुई नेएल यांनीं १९४९ सालीं याचें गणित मांडलें, आणि तें मांडतांना त्यांच्यापुढें उदाहरण होतें भाजलेल्या मातीचें! कणाची रुंदी दुप्पट केली तर त्याचें घनफळ आठपट होतें. पण त्याच्या ‘स्मरणशक्ती’ची मुदत सेकंदाच्या अंशापासून पृथ्वीच्या वयापलीकडे जाऊं शकते. नेएल यांस १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मिश्रधातूंत तर उष्णतेचें कार्य याहून सूक्ष्म आहे. १९३१ सालीं जपानांतील मिशिमा यांनीं लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा बळकट चुंबक केला. अशा धातूवर योग्य उष्णसंस्कार झाला म्हणजे तिच्या पोटांत लोहप्रधान असे सूक्ष्म कण वेगळे होतात, आणि त्यांच्यामुळेंच तिचें चुंबकत्व टिकाऊ होतें. २००० सालीं अमेरिकेंत लोखंड व प्लॅटिनम यांचे सुमारें ४ नॅनोमीटरचे कण तयार करण्यांत आले. प्रथम त्यांतील दोन्ही धातूंचे अणु विसकळित होते व चुंबकत्व ठरत नव्हतें. साडेपांचशे अंशांच्या आसपास तापविल्यावर लोखंडाचा एक थर, प्लॅटिनमचा एक थर अशी शिस्त लागली आणि कण पक्के चुंबक झाले. मात्र आंच अधिक झाली तर कण एकमेकांस चिकटून त्यांचा सूक्ष्मपणाच जातो. पाकाप्रमाणें येथेंहि आंच कमी पडून चालत नाहीं, आणि जास्त होऊनहि चालत नाहीं.

हाच संस्कार निसर्गानें सह्याद्रीवर केला. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें हजार-अकराशें अंश तापलेला शिलारस थरावर थर पसरला. त्यांत लोह आणि टिटॅनियम यांचें मिश्र खनिज होतें. निवतांना अनेक ठिकाणीं त्या खनिजाचे दोन घटक निराळे झाले, आणि मोठ्या कणांत पातळ पडदे पडून त्याचे लहान लहान कप्पे झाले. मिश्रधातूंत घडतें त्याच जातीची ही क्रिया. उष्णता उतरतांना या कणांनीं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेविली, ती आजतागायत.

ती वाचण्याचें साधनहि उष्णताच आहे. डोंगरांतील दगडाची दिशा नोंदून त्याचा तुकडा काढतात, तो पायरीपायरीनें तापवितात आणि प्रत्येक वेळीं उरलेलें चुंबकत्व मोजतात. दुबळी, मागाहून चिकटलेली आठवण आधीं पुसली जाते; मूळची शेवटपर्यंत टिकते. दख्खनच्या दगडांवरील असें संशोधन लंडनच्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. चुंबकसुईचा कल विषुववृत्ताकडे कमी व ध्रुवांकडे जास्त असतो. त्यावरून स्थळाचा अक्षांश निघतो. या दगडांची साक्ष अशी कीं, ते निवाले तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें ३० अंशांवर होती. आज सातारा १७ ते १८ अंश उत्तरेस आहे. म्हणजे सुमारें पांच हजार किलोमीटरांचा प्रवास!

घाटांतल्या बहुतेक थरांचें चुंबकत्व आजच्या उलट आहे. महाबळेश्वराच्या माथ्याकडील थरांत तें आजच्यासारखें होतें. पृथ्वीचे चुंबकध्रुव अधूनमधून उलटतात, त्यापैकीं एका उलथापालथीची ही खूण. यांवरून १९८६ सालीं कूर्तियो प्रभृति शास्त्रज्ञांनीं प्रतिपादिलें कीं, हा बहुतेक रस दहा लक्ष वर्षांच्या आंत बाहेर पडला असावा. डायनोसॉर कां नष्ट झाले या वादांत आमच्या सह्याद्रीचें नांव येतें, त्याला या साक्षीचा मोठा आधार आहे.

सांगलीस कृष्णेच्या वाळूंतून चुंबक फिरवून पाहावा. काळी भुकटी त्यास चिकटते. सह्याद्रीच्या अशाच दगडांची ती झीज होय. चुंबकत्व तिच्यांत आहे, पण दिशेची साक्ष गेली. कारण मूळची जागा सुटली. डोंगर फोडून केलेल्या खडीचीहि तीच गत. रस्ते, धरणें, घरें यांस दगड लागणारच, आणि घाट कापल्यानेंच पुष्कळ थर अभ्यासास मोकळे झाले हेंहि खरें. तथापि महत्त्वाचे कडे नोंद झाल्यावांचून फोडूं नयेत, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. फोडलेला दगड पुन्हां तापवून चुंबक करतां येईल. पण त्यांत उमटेल ती आजची दिशा, सहा कोटी वर्षांपूर्वींची नव्हे.