सीमाभागातला घटस्फोट: दावा कुठे, वकील कुठला?

निपाणीची लेक कागल-कोल्हापूरला दिलेली, कोल्हापूरची लेक बेळगावात नांदणारी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हे घरोघरचं. त्यामुळे संसार मोडायची वेळ आली की वकील शोधण्याआधी ठरवावं लागतं, दावा कुठल्या राज्यात घालायचा.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार लग्न लागलं तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे दावा चालतो. अर्जदार पत्नी असेल तर ती राहते तिथेही. मुलाच्या ताब्यासाठी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा, तर मूल एरवी जिथे राहतं तिथलंच कोर्ट. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण निकाल मुलाच्या हितावर ठरतो.

नवऱ्याने बेळगावात आणि बायकोने कोल्हापुरात दावा घातला, तर एक खटला दुसऱ्या राज्यात हलवायला थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून दावा कुठे घालायचा, हे पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा.

दुसरी अडचण भाषेची. अर्ज, जबाब कन्नडमध्ये असतील, तर ओळ न् ओळ मराठीत समजल्याशिवाय सही करू नका. विशेषतः मुलाच्या भेटीचे वार आणि पोटगीचा आकडा. मराठी पत्रं, मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर भाषांतराचा खर्च कोणाचा, हेही फीबरोबरच ठरवून घ्या. फी परवडत नसेल तर बायकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.