तांब्याचे वितळण, अलंकारांसाठी

अलंकार घडविण्यासाठी थोडे तांबे मुशीत वितळवून साच्यात ओतण्याची क्रिया. महाराष्ट्रात तांब्याचे अलंकार फार प्राचीन आहेत. नेवासे (अहिल्यानगर जिल्हा) येथील ताम्रपाषाणयुगीन उत्खननात एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. सोनारकामात मात्र तांबे मुख्यतः मिश्रणापुरते उरले. २२ कॅरट सोन्यात हजार भागांत सु. ९१६ भाग सोने असून उरलेला भाग बहुधा तांबे व चांदी यांचा असतो.

शुद्ध तांबे १,०८५° से. ला वितळते (चांदी ९६२° से., सोने १,०६४° से.). वितळलेल्या चांदीत तांबे त्याहून कमी तापमानास विरघळते. नुसते तांबे वितळविताना ही सोय नसते. स्वयंपाकाच्या उघड्या शेगडीवर मूस इतकी तापत नाही. तीसाठी उष्णतारोधक विटांची भट्टी व भात्याची हवा लागते.

तापमान गाठल्यावरही अडचण उरते. द्रवरूप तांबे हवेतील ऑक्सिजन व ज्योतीतील हायड्रोजन शोषून घेते. थिजताना त्यांच्या विक्रियेने वाफ होऊन ओतीव सच्छिद्र बनते. नवशिक्याची अंगठी ठोकताना चिरते, ती बहुधा यामुळेच. म्हणून धातूवर कोळशाच्या भुकटीचा थर देतात, अभिवाह म्हणून टाकणखार वापरतात आणि वितळताच विलंब न लावता ओततात.

कल्याण व डोंबिवली यांच्या दरम्यानच्या ठाकुर्लीसारख्या दाट वस्तीत हे काम बंद खोलीत करणे धोक्याचे होय. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, विषारी वायू निर्माण होतो. भंगारातील तारांचे प्लॅस्टिकचे आवरण जळाले की दाहक वायू सुटतात. तांबे समजून पितळ वितळविल्यास त्यातील जस्ताची (उत्कलनबिंदू ९०७° से.) वाफ होऊन पांढरा धूर निघतो व काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. ओलसर मूस किंवा साचा यांतील पाण्याची एकदम वाफ होऊन रस उसळतो. फरशीवर तो सांडला, तर फरशीही तडकून उडते. यास्तव साचा आधी तापवून कोरडा करतात व खाली कोरड्या वाळूचे ताट ठेवतात.

कडे किंवा साधी अंगठी यांसाठी वितळण्याची गरजच नसते. बाजारातील शुद्ध तांब्याची उघडी तार ठोकून त्या घडविता येतात. ठोकताना तार कठीण होते. ती लाल होईतो तापवून पाण्यात बुडविली की पुन्हा मऊ होते.