श्वान व मार्जार यांचा कच्चा आहार : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना : ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कुत्र्यांना कच्चे मांस व हाडे द्यावीत असा आग्रह धरला. त्यानंतर हा विचार अनेक देशांत पसरला. ‘पूर्वज शिजवलेले अन्न खात नव्हते, म्हणून कच्चे तेच नैसर्गिक’ हा त्यामागील मुख्य युक्तिवाद होय. तो कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन प्राण्यांतील भेद : कुत्रा व मांजर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पुष्कळ अधिक आढळतात. माणसाच्या सहवासात कुत्र्याचे पचन बदलले. मांजर मात्र आजही पूर्णतः मांसाहारी आहे. टॉरीन, अ जीवनसत्त्व व अ‍ॅराकिडॉनिक आम्ल हे घटक तिला प्राणिज अन्नातूनच मिळतात.

कच्चेपणा की घटक? : टॉरीनच्या अभावी मांजरीच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. तयार खाद्यावर पोसलेल्या मांजरींमधील हृदयविकाराचे कारणही टॉरीनची कमतरता हेच असल्याचे १९८७ मध्ये दिसून आले. खाद्यात टॉरीन वाढविताच हा विकार बहुतांशी आटोक्यात आला; त्यासाठी मांस कच्चे द्यावे लागले नाही. उलटपक्षी, केवळ मांसावर वाढणाऱ्या पिल्लांत कॅल्शियमच्या अभावामुळे हाडे ठिसूळ होतात, मग ते मांस कच्चे असो वा शिजवलेले. तात्पर्य, निर्णायक ठरते ती आहाराची घटकरचना.

आरोग्याचा प्रश्न : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला व ३२ नमुन्यांत लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हे जिवाणू आढळले. गोठविल्याने असे जिवाणू नष्ट होतात असे मानणे चुकीचे आहे. निरोगी दिसणारा कुत्राही विष्ठेवाटे साल्मोनेला बाहेर टाकू शकतो. त्यामुळे धोका घरातील लहान मुले, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांनाही पोहोचतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ साली अशा आहाराच्या विरोधात धोरण स्वीकारले. हा प्रश्न केवळ परदेशातील नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने मृत्यू पावले. संसर्ग कच्च्या मांसातून झाला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. मार्जारकुळातील प्राणी या विषाणूला सहज बळी पडतात, ही बाब मांजर पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

समारोप : मांस शिजविल्याने रोगजंतू मरतात. टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून रस्सा फेकू नये. मात्र तो मीठ, कांदा व लसूण यांविना असावा. शिजवलेली हाडे देऊ नयेत, कारण त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. घरगुती आहाराचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. पाळीव प्राण्याविषयीचे प्रेम रास्तच आहे. परंतु ‘नैसर्गिक’ या शब्दाला पुराव्याचे स्थान देता येणार नाही.