घशाचे दुखणे आणि हृदयाची किंमत

शाळकरी मुलाचा घसा दुखणे ही मध्यमवर्गीय घरात काय किंवा चाळीत काय, इतकी नित्याची बाब आहे की मिठाच्या गुळण्या आणि हळद घातलेले दूध यांपलीकडे तिचा फारसा विचार होत नाही. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. कारण अशी बहुसंख्य दुखणी विषाणूंमुळे होतात व आपोआप बरी होतात. तथापि त्यांपैकी काही ‘स्ट्रेप्टोकोकस’ या जीवाणूमुळे उद्भवतात आणि ‘र्‍हुमॅटिक’ हृदयरोगाचे मूळ तेथे असते.

या जीवाणूशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली प्रतिकारशक्ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. पाच ते पंधरा या वयात, घसा बरा झाल्यावर साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. सांध्यांची सूज काही दिवसांत निघून जाते, पण हृदयाच्या झडपेला झालेली इजा पुष्कळदा राहून जाते. काही मुलांच्या हातापायांना अनैच्छिक हिसके बसू लागतात, हातातील वस्तू पडते, अक्षर बिघडते. वर्गात अशा मुलाला चुळबुळ्या म्हणून शिक्षा होते. वस्तुतः त्याला डॉक्टरांकडे पाठविण्याची गरज असते.

सर्दी-खोकला नसताना एकाएकी आलेला ताप, गिळताना होणाऱ्या वेदना, टॉन्सिलवरील पांढरट पू आणि जबड्याखालील दुखऱ्या गाठी ही जीवाणूजन्य घसेदुखीची लक्षणे होत. अशा वेळी पहिल्या नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले, तर हा ज्वर बहुधा टळतो. मात्र तोंडाने घेण्याच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस घ्याव्या लागतात. ताप उतरताच तिसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देणे ही काटकसर नव्हे. उलट, प्रत्येक सर्दीला प्रतिजैविके मागणे हेही तितकेच अनिष्ट. औषधांना न जुमानणारे जीवाणू त्यातूनच बळावतात.

एकदा हा ज्वर येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा होण्याचा धोका असतो आणि प्रत्येक नव्या हल्ल्यागणिक झडप अधिक निकामी होत जाते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी ‘बेंझाथिन पेनिसिलीन’चे इंजेक्शन निदान पाच वर्षे, आणि हृदयाला इजा झाली असल्यास दहा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ द्यावे लागते. खरी अडचण येथे सुरू होते. मूल खेळते-बागडते आहे, इंजेक्शन दुखते, दवाखाना दूर आहे, आईची दिवसाची मजुरी बुडते. अशा स्थितीत एक तारीख चुकते, मग दुसरी. या कुटुंबाला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु आज बुडणारी मजुरी डोळ्यांना दिसते आणि दहा वर्षांनी टळणारी शस्त्रक्रिया दिसत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्या चुकलेल्या तारखांचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. अरुंद झालेली झडप फुग्याने रुंदावणे किंवा कृत्रिम झडप बसविणे, त्यानंतर धातूची झडप असल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घेणे, हे सारे ऐन कमावत्या वयात उभे राहते. मुलींच्या बाबतीत तर गरोदरपणी रक्ताचे आकारमान वाढले की तोवर लपलेला विकार जिवावर बेततो. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांतून भागू शकतो, ही समाधानाची गोष्ट होय. पण इंजेक्शनासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई कोण करणार?

१९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पिंपरी येथे पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला. औषध उपलब्ध होणे ही पहिली पायरी होती. ते नेमाने पोहोचविणे ही दुसरी. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांताने १९८६ ते १९९६ या काळात रुग्णांची नोंदवही, पाठपुरावा आणि लोकशिक्षण यांच्या बळावर या रोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटविले. युरोपात तर पेनिसिलीन येण्यापूर्वीच हा रोग ओसरू लागला होता. दाटीवाटीची घरे कमी झाल्याचा तो परिणाम मानला जातो.

आपल्याकडे २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या हृदयरोगाचा समावेश आहे. त्या तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोंदवहीची, इंजेक्शनाच्या तारखेची आठवण देणाऱ्या आरोग्यसेविकेची आणि त्या दिवसाची गैरहजेरी न मांडणाऱ्या शाळेची जोड मिळाली पाहिजे. यास फार मोठा निधी लागणार नाही. वर्षानुवर्षे न कंटाळता चालणारी व्यवस्था मात्र लागेल. तिची सुरुवात, सांधे दुखतात म्हणून कवायतीला न आलेल्या मुलाची शिक्षकाने आस्थेने चौकशी करण्यापासून होऊ शकते.